दुसरा उंबरा

गुरुजींच्या पहिल्या स्मृतिदिनाला अख्खी बौद्धवाडी जेवून गेली, खिरीला नाव ठेवायला कुणाला जागा सापडली नाही, आणि तरीही नूतनच्या पोटात सकाळपासून जे दुखत होतं ते काही थांबलं नाही. दुखणं पोटाचं नव्हतंच. ते म्हसळ्याला एसटी स्टँडच्या पुढं उभ्या राहिलेल्या एका इमारतीचं होतं, आणि त्यातही दुसऱ्या मजल्यावरच्या, रस्त्याकडं गॅलरी असलेल्या फ्लॅटचं होतं. तो फ्लॅट तिचा धाकटा दीर सनी आणि त्याची बायको मानसी घेत होते.

नूतन वाडीतल्या अंगणवाडीची सेविका. बैठकीसाठी तिला महिन्यातून एकदा म्हसळ्याला जावं लागे, त्यामुळे ती इमारत तिनं खांबांपासून वर येताना बघितली होती. तेव्हा तिला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. इमारती काय, होतच असतात. पण सनीनं तिथं टोकन दिलं हे कळल्यापासून तिला एसटीतली त्या बाजूची खिडकी नकोशी झाली, आणि गंमत अशी की ती दर वेळी नेमकी त्याच खिडकीत जाऊन बसायची.

सकाळी वंदना झाली, बोधाचार्य चहा घेऊन गेले, आणि स्वयंपाकघरात मानसीनं फोन काढला. वडे थापणाऱ्या बाया पिठाचे हात तसेच वर धरून तिच्याभोवती गोळा झाल्या. ग्रॅनाइटचा ओटा, निम्म्या भिंतीपर्यंत टाइल, खिडकीखाली सिंक. मानसी बिचारी कौतुकानं दाखवत होती. म्हसळ्याच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, सनी वीज कंपनीच्या कंत्राटदाराकडं वायरमन, आणि लग्न झाल्यापासून दोघं भाड्याच्या एका खोलीत दिवस काढत होती. तिला आनंद होणारच.

"छान आहे हो," नूतन खीर ढवळता ढवळता म्हणाली. "पण गॅलरी पश्चिमेची दिसतेय. दुपारी भाजून निघशील."

बाया गालातल्या गालात हसल्या. नूतनला ओळखत नाही असं वाडीत कुणीच नव्हतं.

खरं सांगायचं तर तिचं जळणं वरवरचं नव्हतं, चांगलं मुरलेलं होतं. हे घर तिच्या सासऱ्यांनी, सीताराम गुरुजींनी, बांधलं तेव्हा ती नवी नवरी होती. स्लॅब पडल्यावर त्याच्यावर पाणी मारलं ते तिनं, विहिरीवरून हंडे आणून. गुरुजींनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांचं सगळं केलं ते तिनं. नवरा प्रफुल्ल दिघीच्या फेरीबोटीवर कामाला. त्याचा अख्खा दिवस आगरदांड्याला जाण्यात आणि परत येण्यात संपायचा. दोन मुलं, सासू, सासरे, येणारंजाणारं, सगळं तिनं ओढलं. आणि तिचं नाव? ते या घराच्या कुठल्याच कागदावर नव्हतं आणि दारावरच्या पाटीवरही नव्हतं. उलट मानसीच्या घराला व्याजात जी सरकारी सवलत मिळणार होती, तिची अटच अशी होती की घर बाईच्या नावावर पाहिजे. सरकारनं कधी नव्हे ते बाईचं नाव मागितलं, आणि तेही मानसीचं.

एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. थंडीत म्हसळ्याला बँकांनी घरकर्जाचा मेळावा भरवला होता. बैठक संपल्यावर ती एकटीच तिथं गेली, पदर नीट केला आणि एका टेबलापाशी जाऊन विचारलं, "आम्हाला बसेल का ही योजना?" पलीकडचा पोरगा नम्र होता. त्यानं विचारलं, "मिस्टरांच्या नावावर पक्कं घर आहे का, ताई?" ती म्हणाली, आहे. "मग नाही बसत," तो म्हणाला, आणि तरीही त्यानं तिला बँकेचं नाव छापलेली एक पिशवी दिली. ती पिशवी तिनं येताना एसटीतच सोडली.

जेवणं उरकली, भांडी विसळायला पडली, आणि घरची माणसं पडवीत टेकली. सासू तुळसा भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या शेजारी कळव्याहून आलेली थोरली लेक रश्मी, समोर प्रफुल्ल आणि सनी. गावकीचे अध्यक्ष अंबाजी तांबे सुपारी कातरत झोपाळ्यावर बसले होते. सनीनंच त्यांना थांबायला सांगितलं होतं. तेवढ्यावरून नूतन समजली की काहीतरी निघणार. ती दारात उभी राहिली.

सनी गुरुजींच्या फोटोकडं बघत म्हणाला, "दादा, सवलत अडकलीय."

"कशापायी?" प्रफुल्लनं विचारलं.

"माझ्या नावावर पक्कं घर आहे म्हणून. नवराबायको दोघांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर असलं तर मिळत नाही. आणि सवलत नाही तर हप्ता झेपत नाही. हप्ता झेपत नाही म्हटल्यावर बँक पाहिजे तेवढं कर्ज देत नाही. पुढच्या महिन्यात करार आहे. तोवर नाव उतरलं नाही तर फ्लॅट गेला."

"पण तुझं घर कुठाय?" रश्मी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची नजर पडवीच्या टोकाला गेली. तिथं दुसरं दार होतं.

त्या दाराची गोष्ट अशी. या वाडीच्या गावकीत माणसं मोजत नाहीत, उंबरे मोजतात. ज्याला स्वतःचा उंबरा, त्याला बैठकीत शब्द, विहाराच्या कामात मान आणि पौर्णिमेच्या जेवणाची पाळी. ज्याला उंबरा नाही तो पाहुणा. सनीचं लग्न ठरलं तेव्हा गुरुजींनी कडेच्या खोलीला बाहेरून वेगळं दार पाडलं, ग्रामपंचायतीतून वेगळा घर नंबर घेतला आणि गावकीत सांगितलं की आजपासून माझ्या घराचे दोन उंबरे, दोन्ही पोरं सारखी. सनी त्या खोलीत वर्षातून चार रात्री झोपला असेल. एरवी तिथं तांदळाच्या गोणी आणि अंगणवाडीची मोडकी खेळणी पडलेली असत, आणि किल्ली नूतनच्या कमरेला. तरी ते दार सनीचं होतं, आणि रोज सकाळी त्याच्यापुढं केर काढताना नूतनला ते आठवायचं.

"तू बँकेत सांगितलंसच कशाला?" रश्मी म्हणाली. "गोणी ठेवायची खोली ती."

"ताई, ती मॅडम फॉर्म भरता भरता म्हणाली, गावाला घर वगैरे आहे का? मी म्हटलं, आहे की. स्वतःचं. स्लॅबचं. वेगळा नंबर आहे." सनीनं मान खाली घातली. "एकदम तोंडातून निघून गेलं."

यावर हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. गुरुजींचे वडील गावाच्या कडेला गवताच्या छपराखाली जन्मले आणि तिथंच गेले. या घरातल्या पोरांना बोलायला यायला लागलं तेव्हापासून शिकवलेलं होतं, कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगायचं, आमचं स्वतःचं पक्कं घर आहे. सनीनं ते सांगितलं, फक्त चुकीच्या टेबलावर सांगितलं.

"आणि विचारलंच नसतं तरी खोटं कसं लिहून देणार?" तो पुढं म्हणाला. "शपथ घ्यावी लागते. त्यापेक्षा मी ती खोली दादाच्या नावावर करून देतो. म्हसळ्याला जाऊन कागद करू. पण पंचायतीला गावकीचा शब्द लागतो, म्हणून अंबाजीकाकांना थांबवलं."

अंबाजींनी सुपारी तोंडात टाकली. "कागदाचं सोपं हाय. पर सनी, उंबरा गेला का गावकीतून नाव गेलं. तुज्यासाठी नियम येगळा न्हाय."

तुळसानं पदर तोंडाला लावला. "म्हंजे माज्या जित्या पोराचं नाव गावातून काढायचं? गुरुजींच्या दिवशी?"

"आई, नाव गेलं म्हणून मी यायचा थांबणार आहे का?"

"पावना म्हनून येशील."

"मला तर बरंच वाटतंय," रश्मी म्हणाली. तिची गाडी अजून मानसीच्या बाजूनं धावत होती. "पोरांचं घर होतंय. दादाला खोली मिळतेय. वहिनी, तुम्हाला तर आयतीच."

"माझी काय ना न्हाय," प्रफुल्ल म्हणाला. चांगला माणूस, पण कुठलीही गोष्ट अर्धी बोलून बायकोच्या तोंडाकडं बघायची त्याला सवय होती. "म्हंजे हिची हरकत नसंल तर."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. नूतननं हात पदराला पुसले.

"माझी हाय हरकत," ती म्हणाली आणि आत गेली.

तिच्या मागोमाग मानसी आली. बाहेर एकदम चार आवाज सुरू झाले होते. नूतननं खिरीचं पातेलं ओढलं आणि राखेनं घासायला घेतलं. वास्तविक त्याला साबण पुरला असता.

"वहिनी, आमचं काही चुकलं का?" मानसीनं विचारलं.

"चुकतंय कुठं. तुमचं सगळं बरोबरच असतं."

मानसी पुढं आली. मग खाली बसून तिनं परात पुढ्यात घेतली. "तुम्ही माझ्यावर जळता ना?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं नूतनला वाटलं नव्हतं. तिनं हात थांबवला. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला.

"व्हय. जळते. तुझा ओटा बघून जळते, सिंक बघून जळते. या घरात आल्यापासून मी खपतेय. तू दोन दिवस येतेस, वडे तळतेस, आणि सगळी म्हणतात मानसी किती कामाची. त्याच्यावर पण जळते. आणि आता तुझ्या नावाचं घर होतंय, त्यात सरकार मदत करतंय, आणि तुझ्या नवऱ्यानं टाकलेली खोली आम्ही आयती मिळाली म्हणून गोड मानून घ्यायची."

"गोड मानायला कुणी सांगितलं?"

"तुझी नणंद सांगतेय की बाहेर."

मानसी परात घासत राहिली. "तुम्हाला माहीत नाही, वहिनी. भाड्याच्या खोलीत खिळा मारायचा तरी मालकिणीला विचारावं लागतं. सनीनं फॅन लावला तर ती म्हणाली, जाताना काढून न्यायचा नाही." तिनं परातीवर पाणी ओतलं. "आणि इथं आले की मीठ कुठं ठेवलंय तेही तुम्हाला विचारते. माझं असं कुठंच काही नाही. म्हणून ती गॅलरी मला भाजून निघाले तरी पाहिजे."

यावर नूतनला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण मानसीचे हात किती भराभर चालतात हे तिच्या डोळ्यांत भरलं आणि ते मऊ तिथंच विरलं.

"मग ऐक," ती म्हणाली. "खोली सोडायची तर ह्यांच्या नावावर नाय करायची. ह्यांच्या नावावर एक दार हाय, त्यांना दुसरं कशाला? माझ्या नावावर करा. आणि गावकीत उंबरा पण माझ्या नावाचा. तरच मी हो म्हणीन."

"एवढंच?" मानसी म्हणाली. "करू की."

त्या एका शब्दानं नूतनचं डोकं पुरतं फिरलं. रोज जे दार बघून तिचा जीव खालीवर व्हायचा, ते या पोरीला 'एवढंच' होतं. तिला वाटलं, निदान एकदा, अगदी एका क्षणापुरतं, हिनं आपल्यावर जळावं. आपल्यापाशी असं काहीतरी असावं की हिनं ते बघून रात्री कूस बदलावी. पण मानसी तर परात उपडी करून, हात झटकून, बाहेर सांगायलाही निघाली होती.

बाहेर त्या मागणीनं वेगळंच वळण घेतलं. सनी लगेच कबूल झाला. प्रफुल्ल आधी गोंधळला, मग हसला आणि म्हणाला, "घे की. मला काय, तुज्या दारात ऱ्हाईन." रश्मीनं मात्र पाय जवळ घेतले. कळव्याचं तिचं घर नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर होतं, आणि त्यावरून तिच्या घरात काय चाललं होतं ते ती माहेरी कधी बोलायची नाही. ती आईकडं वळून म्हणाली, "वहिनी बोलतात ते बरोबर आहे. खोली त्यांच्याच नावावर करा."

तुळसाला एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घेरल्यासारखं झालं. "आता तू बी? बाईचा उंबरा? कुनी आयकलाय?"

"आपल्या गावकीत तरी कदी झाला न्हाय," अंबाजी सावकाश म्हणाले. "पाच वाजता विहारात बैठक हाय. तितं मांडू. मी एकटा काय सांगनार?"

गावकी विहाराच्या ओसरीवर भरली. मुंबईची मंडळीही दुपारच्या जेवणाला आलेली होती, त्यामुळे सतरंजी पुरली नाही. पुरुष पुढं, बाया मागं खांबापाशी. बैठकीची तिथली रीत अशी की अंबाजी पाठ असल्यासारखी एकेका उंबऱ्याची हाक मारायचे आणि त्या घरच्या माणसानं 'हाय' म्हणायचं. ज्याचं नाव पुकारलं गेलं तोच पुढं बोलणार. नूतन लग्न होऊन आली तेव्हापासून ही हाळी ऐकत आली होती. आधी एक, मग दोन नावं तिच्या घरची असत, आणि दर वेळी तिचं तोंड बंद असे.

अंबाजींनी विषय मांडला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. विहारामागच्या घरचा गणपत तांबे म्हणाला की असं केलं तर उद्या घराघरातून बाया उंबरा मागतील. कुणी म्हणालं, मागेनात का. कुणी म्हणालं, मग पाळीला जेवण कोण घालणार, तर मागून एका बाईचा आवाज आला की आजवर काय तुम्ही घालत होतात? यावर बाया हसल्या. पण अंबाजींची मान काही हलेना. चालत आलेलं मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

तेवढ्यात मानसी उभी राहिली. तिला बोलायचा हक्क नव्हता, पण हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"काका, मनुबाई आजीच्या घराचं नाव तुम्ही काय पुकारता?"

"सदूचा उंबरा," अंबाजी म्हणाले.

"सदूआजोबा जाऊन किती वर्षं झाली? मी तर त्यांना बघितलं पण नाही. तुम्ही सदू म्हणता आणि मनुबाई आजी हाय म्हणतात. मेलेल्या माणसाच्या नावानं बाईनं हाय म्हटलेलं चालतं, मग जित्या बाईनं स्वतःच्या नावानं म्हटलेलं का नाही चालत?"

पुढच्या रांगेतल्या माना मागं वळल्या. खांबाला टेकलेली म्हातारी मनुबाई डोळे मिचकावत इकडंतिकडं बघू लागली. आपल्यावर काय बोलणं आलंय ते तिला नीट ऐकू आलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडं बघतायत हे तिला आवडलं. अंबाजींनी टोपी काढून परत घातली.

नूतनच्या बाजूचं यापेक्षा चांगलं कुणी बोललं नसतं. आणि म्हणूनच तिला संताप आला. इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही? आपला उंबरा मागायला सुद्धा हिचीच जीभ लागावी? तिनं मान दुसरीकडं वळवली.

"बरं," शेवटी अंबाजी म्हणाले. "हरकत कुनाची?"

हरकत कुणी घेतली नाही. तुळसानंसुद्धा घेतली नाही; ती विहाराच्या पायरीवर सनीला चिकटून बसली होती आणि तिचा जीव वेगळ्याच जागी अडकला होता. अंबाजींनी घसा खाकरला आणि हाळी सुरू केली. पांडुरंग. हाय. गणपत. हाय. सदूचा उंबरा. हाय, मनुबाई नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली. प्रफुल्ल सीताराम. हाय.

यापुढं नेहमी 'सनी सीताराम' असायचं. अंबाजींची जीभ तिकडंच वळली होती; त्यांनी ती आवरली आणि ते थोडं थांबले.

"सनी सीताराम, उतरला," ते म्हणाले. "नूतन प्रफुल्ल."

नूतननं तोंड उघडलं आणि शब्दाच्या आधी तिची नजर मानसीवर गेली. मानसी अजून उभीच होती. 'उतरला' हे तिनं ऐकलं होतं. सकाळपासून फोन हातात घेऊन फिरणारी, 'एवढंच' म्हणणारी ती पोरगी एकदम उघडी पडल्यासारखी झाली होती. तिनं पायरीवर मान घालून बसलेल्या सनीकडं पाहिलं, मग पुकारलं गेलेलं नाव जिचं होतं त्या नूतनकडं पाहिलं, आणि तिचा ओठ आत ओढला गेला. म्हसळ्याच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणी अशी हाक मारणार नव्हतं. हे तिला आत्ता, या ओसरीवर उभं राहून कळत होतं.

नूतनला ती नजर ओळखायला क्षणही लागला नाही. अशा नजरेनं ती स्वतः एसटीच्या खिडकीतून बघत आली होती.

मिळालं. अगदी जसं हवं होतं तसं मिळालं. तिच्या छातीत गरम, गोड असं काहीतरी पसरलं आणि तिला ते बिलकूल लाजिरवाणं वाटलं नाही.

"नूतन प्रफुल्ल," अंबाजींनी पुन्हा हाळी दिली.

"हाय," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या रांगेतले चारपाच जण वळून बघायला लागले. "हाय, आणि मला बोलायचंय."

"लगीच?" गणपत म्हणाला.

"नाव पुकारलंत ना? मग." तिनं पदर खोचला. "सनीला का उतरवलात?"

"उंबरा न्हाय त्याचा," अंबाजी म्हणाले. "तुमीच तर घेतलात."

"घेतला. कागदावर पण माझा होणार. सरकारला कागद पाहिजे, तो त्यांना मिळंल, त्यात खोटं काय नाय. सनीच्या नावावर मग घर नाय, भिंत नाय, काय नाय. पण गावकी सरकारची हाय का? सरकार घर मोजतं, आपण माणसाचं नाव पुकारतो. दोन्हीची गाठ कुणी मारली?"

"उंबऱ्याशिवाय नाव कसं राहील, सूनबाई?"

"उंबरा हाय ना. माझा हाय. त्याच्यावर कुणाला उभं करायचं ते मी ठरवणार." पायरीवर सनीनं मान वर केली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा हा पोरगा सातवीत होता आणि डब्याला चपातीच पाहिजे म्हणून रडायचा. "माझ्या उंबऱ्यावर त्याचं नाव राहू दे. एका दारात दोन नावं. मोडतंय का दार?"

पायरीवरून तुळसाचा हुंदका ऐकू आला. मुंबईच्या मंडळींतून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. अंबाजींनी आजूबाजूला पाहिलं, आणि एका संध्याकाळी दोनदा रीत मोडण्यापेक्षा एकदाच काय ती मोडून मोकळं व्हावं असं त्यांना वाटलं असावं.

"आनी वर्गणी?" त्यांनी विचारलं. "एका उंबऱ्याला एक वर्गणी, असं म्हनाल परत."

"दोन नावं, दोन वर्गण्या. माझी मी भरीन, त्याची तो भरल. फ्लॅटवाले हायत ते आता."

अख्खी ओसरी हसली. सनी हसता हसता डोळे पुसायला लागला. अंबाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोडलेली हाळी पुन्हा जोडली, "नूतन प्रफुल्लच्या उंबऱ्यावर, सनी सीताराम."

"हाय," सनी म्हणाला.

बैठक पुढं गेली. विहाराला रंग कुठला द्यायचा यावर पुरुषांची जुंपली, आणि बायांच्या बाजूला मानसी सरकत सरकत नूतनजवळ येऊन बसली. सतरंजी तिथं संपत होती. ती फरशीवरच बसली.

"वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही हे आमच्यासाठी केलंत, मी विसरणार नाही."

"तुमच्यासाठी कशाला? सासूबाई रडत होत्या म्हणून केलं."

"तरी."

"तरी काय? पुढच्या पौर्णिमेला पाळी लागली की यायचं. आणि जेवण माझ्या दारापुढं होणार, माझ्या चुलीवर. तू म्हणशील तसं नाय, मी म्हणेन तसं."

"येईन," मानसी म्हणाली. मग खालमानेनं म्हणाली, "तुमचं नाव पुकारलं तेव्हा मला कसंतरीच झालं. खरं सांगू का? मला नाही आवडलं."

"माहितीय मला," नूतन म्हणाली.

तिनं मानसीकडं पाहिलं. त्या पोरीच्या डोळ्यांत अजून ते होतं, पूर्ण गेलं नव्हतं. नूतननं ते निवांत बघून घेतलं, घाई केली नाही, आणि पोटभर बघून झाल्यावर सतरंजीवर थोडी आत सरकून तिच्यासाठी जागा केली.